आजाराची वाट अडवणारं खुराडं

लग्न होऊन बैलहोंगलला गेले, त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाई परसदारी धुणं वाळत घालत होत्या. मला म्हणाल्या, "कोळी नोडु." नोडु म्हणजे बघ, एवढं कन्नड मला येत होतं. मी आपली आढ्याकडे बघत राहिले. खानापूरकडच्या माझ्या माहेरी कोळी म्हणजे जाळं विणणारा! इकडे कोंबड्या वाळवणात शिरून तांदूळ टिपत होत्या आणि नवी सून मान वर करून उभी. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, हे त्या दिवशी कळलं. आमच्या घरात हा किस्सा अजून सांगितला जातो.

पुढे आम्ही बेळगावात घर बांधलं. सासूबाईही आमच्याकडे आल्या. आम्ही त्यांना अत्ती म्हणतो. त्यांची एकच अट होती, परसात खुराडं हवं. मी मराठीची प्राध्यापिका. कोंबड्यांबद्दलचं माझं ज्ञान अंड्याच्या पोळीपर्यंतच. पण खुराडं झालं, आणि त्याच खुराड्यामुळे पुढे एका फार वेगळ्या खुराड्याशी ओळख झाली. आजचा लेख त्याबद्दल आहे.

वीस पिल्लं आणि फिनेलची बाटली

काही वर्षांपूर्वी आषाढात अत्तींनी बाजारातून गिरिराजाची वीस पिल्लं आणवली. साधारण महिनाभराची होती. त्या वर्षी पावसाने आठवडाभर उघडीप दिली नाही. खुराड्यातला भाताचा तूस भिजून त्याचा लगदा झाला. एके दिवशी सकाळी दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसली. विष्ठेत रक्त होतं. चार दिवसांत चौदा गेली.

अत्तींनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी मात्र शिकलेली! पिल्लं विकणाऱ्याला मनातल्या मनात दोष दिला, खुराडं झाडून काढलं, फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि पंधरा दिवसांनी नवी दहा पिल्लं त्याच खुराड्यात सोडली. तीही तशीच गेली. राहिलेल्या मोठ्या कोंबड्यांना मात्र काही झालं नाही. अत्ती दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. दृष्ट की फिनेल, कोण हरलं याचा वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन्ही हरली होती.

माझ्या थोरल्या दिरांची मुलगी तेव्हा पशुवैद्यकीचं शिक्षण घेत होती. तिला फोन केला. ती मला काकू म्हणते. हा शब्द आमच्या भागातल्या कन्नड घरांतही राजरोस चालतो. तिने दोन प्रश्न विचारले, "विष्ठेत रक्त होतं? तूस ओला होता?" आणि म्हणाली, "काकू, ही रक्ती हगवण. कॉक्सिडिओसिस. फिनेलने ती मरत नाही."

पुढे तिने पदव्युत्तर अभ्यासासाठी परजीवीशास्त्र हाच विषय घेतला, आणि ज्या रोगाने आमची पिल्लं मेली तोच रोग कोंबड्यांना मुद्दाम देऊन त्याचा अभ्यास करायला लागली.

दारातूनच परत

तिच्या महाविद्यालयात मी एकदा गेले होते. तिने प्रयोगशाळा दाखवली, सूक्ष्मदर्शकातून काही दाखवलं, पण पक्षी ठेवलेल्या खोलीच्या दाराशी आल्यावर थांबली. "काकू, काल तुम्ही घरच्या खुराड्यात गेला होता?" मी हो म्हटलं. "मग आत नाही."

मला जरा रागच आला. चपला काढते म्हटलं, हात धुते म्हटलं. ती हसली, पण ऐकलं नाही. काचेच्या खिडकीतून जे दिसलं तेवढंच. आत जाळीच्या तळाचे पिंजरे, त्यांच्या खाली सरकते ट्रे, प्रत्येक पिंजऱ्यापुढे स्वतंत्र खाद्यभांडं आणि भिंतीवर लिहिलेला कामाचा क्रम. एखाद्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखं सगळं. बाहेरच्या बाकावर बसून तिने जे समजावलं, ते ऐकल्यावर राग गेला.

या रोगाचे जंतू आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवींच्या कुळातले. कोंबडीत त्यांच्या सात जाती पूर्वीपासून माहीत आहेत. २०२१ मध्ये आणखी तीन जातींना नावं मिळाली. रक्ती हगवणीला मुख्यतः जबाबदार असते ती आयमेरिया टेनेला. १८९१ मध्ये रेये आणि ल्युसे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं होतं. ती कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात वाढते, तिथलं अस्तर फोडते आणि साधारण पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसू लागतं. त्यानंतर एक-दोन दिवसांत विष्ठेतून तिची कवचबंद बीजं बाहेर पडू लागतात. शास्त्रात त्यांना ऊसिस्ट म्हणतात.

हे ऊसिस्ट बाहेर पडतं तेव्हा निरुपद्रवी असतं. त्याला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते आतून पक्व होतं आणि मगच रोग देऊ शकतं. पक्व झालेलं एक ऊसिस्ट पिल्लाच्या पोटात गेलं की त्यातून आठ जीव सुटतात, आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तिथे दुपटी-चौपटीने नव्हे, हजारोंच्या हिशेबाने वाढतात. आषाढातला भिजलेला तूस म्हणजे या बीजांसाठी मशागत केलेलं शेतच. ते शेत मी स्वतः तयार करून दिलं होतं.

आणि फिनेल? त्या कवचावर नेहमीच्या जंतुनाशकांचा फारसा इलाज चालत नाही. प्रयोगशाळेत तर ऊसिस्ट स्वच्छ करायला ब्लीचसारखंच द्रावण वापरतात. सोबतचे बाकीचे जंतू मरतात, ऊसिस्ट धुऊन निघतं आणि जिवंत राहतं! त्याला मारतात ती उष्णता, कोरडेपणा आणि अमोनिया.

दोन्ही बाजूंनी बंद दार

आता प्रयोगातलं खुराडं असं का, ते ध्यानात येईल. रोग बाहेर जाऊ नये म्हणून ते बंद असतं, हे कुणालाही सुचेल. पण आमच्या मुलीने सांगितलेली मुख्य गोष्ट वेगळी होती. रोग आत येऊ नये, हीच खरी डोकेदुखी असते.

समजा, काही पिल्लांना मोजून ऊसिस्ट पाजली आणि काहींना नुसतं पाणी. दोन गटांची तुलना करायची. पाणी पाजलेल्या गटात कुणाच्या बुटाला चिकटून चार ऊसिस्ट आली, तर तुलनाच संपली. शिवाय एकदा थोडा संसर्ग होऊन गेला की त्या जातीविरुद्ध पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होते. ते नंतर पाजलेल्या डोसाला खोटं उत्तर देतं. म्हणजे पक्ष्यांचे जीव गेले आणि हाती काहीच आलं नाही. यापेक्षा वाईट काय?

सुदैवाने निसर्गाने एक सोय ठेवली आहे. हा परजीवी अंड्यातून पिल्लात जात नाही. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू कोरं असतं. म्हणून पिल्लं हॅचरीतून एक दिवसाची असतानाच आणतात आणि थेट धुऊन-तापवून निर्जंतुक केलेल्या खोलीत ठेवतात. आईची ऊब नसते, म्हणून ब्रूडरच्या दिव्याखाली पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान राखतात आणि पुढे दर आठवड्याला थोडं थोडं कमी करतात.

तळाला जाळी कशासाठी? विष्ठा खाली ट्रेमध्ये पडावी, पिल्लाच्या चोचीला लागू नये. कोंबडी जमीन उकरून टिपणारा पक्षी. तिच्या खाण्यात विष्ठेचा कण जाणारच. जाळीने तो रस्ता तुटतो. ट्रे रोज साफ केला तर बीज पक्व व्हायच्या आत बाहेर जातं. जे काम आमच्या घरी आठवड्यातून एकदाही होत नव्हतं, ते तिथे रोज होतं.

खाद्याचीही एक गंमत आहे. पिल्लांच्या तयार खाद्यात बहुधा या रोगावरचं औषध आधीच मिसळलेलं असतं. ते खाद्य दिलं तर पाजलेला रोग उगवायचाच नाही. म्हणून खाद्य औषधाशिवायचं मागवावं लागतं.

मग कामाचा क्रम. आधी निरोगी पक्ष्यांची खोली, नंतर रोग दिलेल्यांची. उलट कधीच नाही. प्रत्येक खोलीचे बूट, एप्रन, झाडू, बादली वेगळी. माश्या, झुरळं, उंदीर यांना बंदी, कारण माशीच्या पायालाही ऊसिस्ट चिकटतं. विष्ठा आणि मेलेले पक्षी वाफेच्या दाबाखाली तापवून किंवा जाळूनच बाहेर जायचे. आणि हे सगळं खरोखर चाललंय ना, हे तपासायला खोलीत काही पक्षी नुसते ठेवतात. त्यांना काही पाजत नाहीत. त्यांची विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवून बघतात. ऊसिस्ट हलकं, ते वर तरंगतं. या पक्ष्यांच्या विष्ठेत एक जरी ऊसिस्ट सापडलं, तरी खोली कुठेतरी गळते आहे असं समजायचं.

माझ्या चपलेचा राग त्या बाकावरच संपला तो असा.

एक दिलासाही तिने दिला, तो वाचकांनाही सांगते. कोंबडीचा आयमेरिया माणसाला होत नाही, शेळीला-गाईलाही होत नाही. शेळीचा वेगळा, सशाचा वेगळा. इथे जपायचं ते कोंबड्यांना कोंबड्यांपासून.

जसा परजीवी तसं घर

मी विचारलं, "मग सगळ्या परजीवींसाठी हेच घर चालतं?" ती म्हणाली, नाही. परजीवी कोणत्या वाटेने जातो ते आधी बघायचं आणि मग त्या वाटेवर भिंत घालायची.

उदाहरण हिवतापाचं. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात माणसाच्या हिवतापाचे जंतू पाहिले. पुढच्या वर्षी कलकत्त्याला त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं. आजारी पक्ष्यांचं रक्त प्यायलेले डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि रोग डासाच्या चाव्यातूनच जातो हे दाखवून दिलं. तिथे पक्ष्यांचं सुरक्षित घर म्हणजे मच्छरदाणी! जाळीचा तळ असून नसून सारखाच. १९३५ मध्ये ब्रुम्प्ट यांनी कोंबडीच्या हिवतापाच्या एका जंतूचं वर्णन केलं आणि पुढे हिवतापाची औषधं पारखायला कोंबडीची पिल्लं कामी आली. त्यांच्याही घराची खरी भिंत डासाची जाळीच.

कोंबडीच्या पोटातल्या मोठ्या गोल जंताची चाल आणखी निराळी. त्याच्या अंड्याला पक्व व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण मग ते मातीत महिनोन्‌महिने टिकतं. तिथे घाई नसते, चिकाटी लागते. मातीची जमीनच टाळावी लागते.

रक्ती हगवणीच्या बाबतीत हे शिस्तीचं काम अमेरिकेतल्या टायझर यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. १९२९ मध्ये त्यांचा मोठा प्रबंध आला. तोवर कोंबडीतल्या या सगळ्या परजीवींची सरमिसळच होती. कोणता आतड्याच्या कोणत्या भागात राहतो, कोणता रक्त काढतो, हे वेगळं करायचं तर एका पिल्लात एकच जात हवी. म्हणजे पिल्लू आधी पूर्ण कोरं हवं. खुराडं नीट नसतं तर हे शास्त्र पुढे सरकलंच नसतं.

"पाप"

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा हे सगळं तिने आजीला कन्नडमध्ये समजावलं. अत्ती चकल्या तळत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग त्या पिल्लांचं काय होतं?" मुलगी थोडी थांबली. मग खरं ते सांगितलं. ठरलेल्या दिवशी त्यांना मारतात, आतडं उघडून बघतात. किती इजा झाली त्याला शून्य ते चार असे गुण देतात.

अत्ती म्हणाल्या, "पाप."

आमच्या दुभाषी घरांत या शब्दाची गंमत आहे. मराठीत पाप म्हणजे पाप. कन्नडमध्ये त्याचा तो अर्थ आहेच, पण कुणाची कीव आली तरी "पाप" म्हणतात, आपण "बिचारं" म्हणतो तसं. मी मराठी कानाने ऐकलं आणि मला वाटलं, आता भांडण होणार. मुलीने कन्नड कानाने ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

ती म्हणाली, "अज्जी, मी त्यांना रोज दोनदा बघते. कोण खात नाही, कोण पंख पाडतंय, सगळं लिहून ठेवते. एखादं फार त्रासात दिसलं तर ठरलेल्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याला तिथेच सोडवायचं, हे आधीच कागदावर लिहून दिलेलं असतं."

आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत. संस्थेच्या नीतिसमितीपुढे आधी सांगावं लागतं, पक्षी किती, कशासाठी, यापेक्षा कमीत होणार नाही का, पक्ष्यांशिवाय होणार नाही का. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलेलं सूत्र याच्या मुळाशी आहे. शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, यातना कमी करा.

मग पक्ष्यांशिवाय का होत नाही? कारण या परजीवीचं पूर्ण जीवनचक्र कोंबडीबाहेर भरवशाने चालवायची रीत अजून हाती आलेली नाही. शीतपेटीत ठेवलेली ऊसिस्टही काही महिन्यांत निस्तेज होतात. त्यांना जिवंत ठेवायला पुन्हा कोंबडीच लागते. या रोगाची जिवंत लस १९५२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, पुढे सौम्य केलेल्या लशी आल्या. त्या लशीतलं प्रत्येक ऊसिस्ट आधी कुठल्या तरी बंद खोलीतल्या कोंबडीच्या आतड्यातून आलेलं असतं.

तरी एक खंत मुलीने लपवली नाही. जी जाळी रोगाची वाट तोडते, तीच कोंबडीला उकरू देत नाही, धुळीत लोळू देत नाही. कोंबडीचा अर्धा जन्म याच दोन कामांत जातो. म्हणून त्या लोकांची धडपड चालते. पिल्लाला एकटं ठेवायचं नाही, बसायला धुता येईल अशी दांडी द्यायची, तळाशी रोज बदलायचा कागद चालतो का ते बघायचं. पण ही अडचण पूर्ण सुटलेली नाही, असं ती म्हणाली. मला तिचं हे कबूल करणं तिच्या सगळ्या माहितीपेक्षा मोलाचं वाटलं.

आपल्या परसात

प्रयोगातलं खुराडं आपल्याला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. अत्तींच्या लहानपणी कोंबड्या गावभर हिंडत, रात्री डालग्याखाली झाकत. तेव्हा पिल्लांच्या पोटात बीजं थोडी थोडी जात आणि त्यांची प्रतिकारशक्ती आपोआप तयार होई. आमच्या मोठ्या कोंबड्या वाचल्या त्याही बहुधा अशाच. पण त्यांच्या विष्ठेतून बीजं पडतच असतात. चार हात जागेत, ओल्या तुसावर, मोठ्या कोंबड्यांमध्ये महिन्याचं पिल्लू सोडलं की त्याला एकदम मोठा डोस मिळतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लंच सहसा याला बळी पडतात.

आम्ही बदललं ते एवढंच. खुराडं जमिनीपासून दोन हात वर घेतलं, पिल्लांच्या कप्प्याला जाळीचा तळ केला. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी. सकाळी आधी पिल्लांचं काम, मग मोठ्यांचं. पाण्याचं भांडं टांगलेलं, म्हणजे सांडून ओल होत नाही. नवी पिल्लं आणण्याआधी जागेवर उकळतं पाणी आणि मग चांगलं ऊन. अमोनियाच्या वाटेला घरी जाऊ नये, आणि ब्लीचमध्ये तर तो कधीच मिसळू नये, विषारी वायू होतो. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याला गाठावं. अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून देतात, पण त्यांच्या सांगण्यानेच. दोन दिवस थांबलात तर थांबायला कुणी उरत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत एखादं-दुसरं पिल्लू गेलं, पण तसा आषाढ पुन्हा आला नाही.

गेल्या वेळी मुलगी आली तेव्हा थेट परसात निघाली होती. अत्तींनी तिला दारातच अडवलं. पायांतल्या चपलांकडे बोट दाखवून विचारलं, "कॉलेजातून आलीस ना?" आणि दारामागची जुनी रबरी जोडी तिच्यापुढे सरकवली. ती जोडी आता खुराड्याचीच आहे. तिच्यावर कुणी दुसरीकडे जात नाही.